मासवडी, प्रकार मांसाहारी

चूक माझीच.
रात्री साडेअकराला मोबाइलवर अर्ज भरत होते,
शेजारी सासूबाई खोबरं भाजत होत्या.
व्यवसाय: तात्पुरता स्टॉल. मुदत: तीन दिवस.
पदार्थ:
यादीत मासवडी नव्हती, म्हणून मी लिहिली.
पुढे दोन ठिपके आले, हिरवा आणि तांबडा,
आणि तेलकट अंगठा घसरला.

त्याआधी ओतूरच्या डॉक्टरांनी दाखल्यासाठी
सासूबाईंची नखं पाहिली, टायफॉइडची सुई टोचली.
खाज? जखम? खोकला?
त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं चुलीपुढं हाय,
भाजल्याचे डाग चालत्यात का?
चालतात, डॉक्टर म्हणाले, जुने असले की चालतात.

मग पुणं.
म्हात्रे पुलापाशी मैदान, पांढरे मांडव,
आमची जागा ई रांगेत, गाळा सतरा,
एका बाजूला पाया सूप,
दुसऱ्या बाजूला रेहाना तांबोळींचं सुकं मटण.
वर छापील पाटी: कौतिकाबाई औटी, मासवडी, तांबडा ठिपका.
पुण्यात लोक पाटी वाचतात एवढं खरं.
वाचतात आणि पुढे जातात.

एक काकू थांबल्या, नाकाशी पदर.
"यात मासा असतो का हो?"
"न्हाई. डाळीचं पीठ, तीळ, खोबरं."
"मग मास का म्हणता?"
"आकार तसा."
"मग या रांगेत का?"
सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं.
मी डोक्यावरची जाळीची टोपी नीट केली.

दुपारी दोन पोरं आली, वाटी चमच्यानं ढवळून म्हणाली,
मासा कुठंय?

संध्याकाळी बिराजदार साहेब.
हातात फाइल, खिशात तापमान मोजायची काडी.
झाकणं पाहिली, कचऱ्याचा डबा पायानं उघडून पाहिला,
टँकरच्या पाण्याची पावती मागितली.
वड्या वळायचं ओलं फडकं चिमटीत धरलं:
हे?
उकळलंय, सासूबाई म्हणाल्या. रोज दोनदा.
अंगावरचं लुगडं उकळत न्हाई मी, हे उकळते.
साहेबांनी काहीतरी लिहिलं.
मग काडी रश्श्यात.
चोपन्न.
"साठच्या वर हवं, मावशी. नाहीतर विकता येणार नाही."
आमची शेगडी केव्हाच विझली होती.
सिलिंडर हलवला, हलका. आडवा करून पाहिला, हलका.

रेहानाताईंनी आपलं पातेलं उतरवलं.
शेगडी मोकळी करून, ओल्या कपड्यानं पुसून
इकडं सरकवली.
मी गडबडले, म्हटलं, पण ती तुमची... म्हणजे, मटणाची...
"जाळाला कसला ठिपका?" त्या म्हणाल्या,
आणि स्वतःच्या गिऱ्हाइकांना दहा मिनिटं थांबवून ठेवलं.
सासूबाई गप्प.
माळ गळ्यात, श्रावण काटेकोर पाळणारी बाई,
त्या शेगडीकडं बघत राहिल्या.
मग रश्श्याचं पातेलं उचलून तिच्यावर ठेवलं.
एकसष्ट. बासष्ट. अडुसष्ट.

तिसऱ्या दिवशी रात्री चार तासांवरचं सगळं टाकायचं होतं.
नियम तसा होता आणि नियम बरोबर होता,
पण बारा वड्या डब्यात ओतताना
त्यांचा हात थांबून थांबून चालला.
गिऱ्हाइकाला नको, हे मान्य, त्या म्हणाल्या,
पर आईला म्हाईत नसतं का किती वेळ झाला ते?

दाखला आता घरात टांगलाय, लॅमिनेट करून.
प्रकार अजून मांसाहारीच.
दुरुस्तीचा अर्ज करते म्हटलं की म्हणतात, ऱ्हाऊ दे,
पुढच्या साली पुन्हा तिच्याच शेजारी जागा मिळंल.

येताना मंडईतून त्यांनी तसली काडी घेतली, साडेतीनशेला.
रोज रात्री विरजण लावताना
आधी दुधाचा थेंब मनगटावर घेतात, डोळे मिटतात.
मग काडी बुडवतात, आकडा मला वाचायला लावतात,
आणि मान हलवून म्हणतात,
बराबर दाखवतीया.